रोवणा, बिडी आणि ‘मजूर मिळत नाही’

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना दोनदा आलेली वाक्यं काढली आहेत, बाकी बोलणं तसंच ठेवलं आहे.)



जुलै महिन्यात भंडारा जिल्ह्यातल्या कुठल्याही चहाटपरीवर पाच मिनिटं उभे राहा. लाखनी घ्या, साकोली घ्या, पवनी घ्या. रोवणा सुरू झालेला असतो, पऱ्हे उपटायला आलेले असतात, बांधीत पाणी साचलेलं असतं. आणि एक वाक्य हमखास कानावर पडतं: “बाया कामाले येतच नाही आता.” त्याच्यापुढचं कारण मात्र काळाप्रमाणे बदलत जातं. एका काळी रोजगार हमी होती, मग स्वस्त धान्य आलं, आणि जुलै २०२४ पासून लाडकी बहीण. वाक्याचा अर्थ तोच राहतो. सरकारनं लोकांना काहीतरी दिलं आणि लोक आळशी झाले.

आजचा भाग या वाक्याच्या इतिहासावर आहे. ते खरं की खोटं, हे मी एका वाक्यात सांगणार नाही. पण ते किती जुनं आहे हे सांगता येतं. आपल्या भागापुरता त्याचा एक पक्का पुरावा १९४८ सालचा आहे, आणि तो चक्क कायदा आहे.

हंगामात बिडी वळायची नाही

थोडी पार्श्वभूमी. १९४८ साली भंडारा जिल्हा महाराष्ट्रात नव्हता. तो मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होता, राजधानी नागपूर. गोंदियाही तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होतं. ते वेगळं झालं १ मे १९९९ ला. या सगळ्या पट्ट्यात, म्हणजे भंडारा-गोंदियापासून वर जबलपूर-सागरपर्यंत, एक धंदा जोरात वाढला होता: बिडी. (पुस्तकात ‘विडी’ लिहितात, आपल्याकडे सगळे ‘बिडी’च म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो.) जंगलात तेंदूपत्ता होता, रेल्वे होती, तंबाखू बाहेरून आणता येत होता. यंत्र लागत नव्हतं. एक सूप, एक कैची, पानं, जर्दा आणि दोरा. आणि बोटं. हजार बिड्यांमागे अमुक इतके पैसे, असा हिशेब.

आता रोवणा आणि बिडी शेजारी ठेवून बघा. रोवण्यात दिवसभर कंबरेत वाकून, पोटरीभर चिखलात, पावसात. आणि काम तीन-चार आठवड्यांचं. बिडी सावलीत बसून, कारखान्यात नाहीतर घरच्या ओसरीवर, लेकरू बाजूला ठेवून, आणि बारमाही. पैसे दोन्हीकडे कमीच. मग माणूस काय निवडेल? ज्याला निवडता येतं तो सावली निवडेल. याला आळस म्हणायचं असेल तर एसीत बसून कोड लिहिणारा मी सगळ्यात मोठा आळशी.

पण सरकारला हे वेगळं दिसलं. दिवस अन्नटंचाईचे होते, धान्य पिकवणं ही खरी चिंता होती, हे मान्य. शेतीला मजूर कमी पडतात, कारण ते बिडीकडे जातात, असं निदान झालं. त्यावर १९४८ चा कायदा आला. नाव लांबलचक आहे, आशय असा: शेतीच्या कामांसाठी बिडी उत्पादनाचं नियमन. जिल्ह्याच्या डेप्युटी कमिशनरला अधिकार मिळाला की त्यानं काही गावांसाठी ‘शेतीचा हंगाम’ जाहीर करायचा, आणि त्या काळात त्या गावांत राहणाऱ्या कुणीही बिडी वळायची नाही, कारखानदारानं त्यांना कामावर ठेवायचं नाही.

लक्षात घ्या, शेतातली मजुरी वाढवा असं हा कायदा म्हणत नव्हता. मजुराला बोलावण्याचे दोन मार्ग असतात. एक, त्याला जास्त द्या. दोन, त्याचं दुसरं दार बंद करा. कायद्यानं दुसरा मार्ग धरला.

१३ जून १९५० ला सागरच्या डेप्युटी कमिशनरनं या कायद्याखाली काही गावांसाठी आदेश काढला. सागर जिल्ह्यातल्या एका बिडी कारखान्याचा मालक आणि एक कामगार, दोघं थेट सुप्रीम कोर्टात गेले. संविधान लागू होऊन सहा महिनेही झाले नव्हते. खटला चालू असतानाच पहिल्या आदेशाची मुदत संपली, तर ८ ऑक्टोबर ते १८ नोव्हेंबर या पुढच्या हंगामासाठी तसाच नवा आदेश निघाला. ८ नोव्हेंबर १९५० ला निकाल लागला. चिंतामणराव विरुद्ध मध्य प्रदेश राज्य. कायद्याचे विद्यार्थी आजही हा खटला पाठ करतात, कारण धंदा-व्यवसायाच्या स्वातंत्र्यावर सरकार ‘वाजवी’ बंधन किती घालू शकतं, याचा तो पहिल्या धड्यांपैकी एक आहे.

न्यायमूर्ती मेहरचंद महाजन यांनी लिहिलेल्या निकालातला युक्तिवाद अगदी साधा आहे. या बंदीत म्हातारे, आजारी, अपंग, लहान मुलं, घरातल्या बाया, सगळेच आले. ज्यांना शेतात काम करताच येत नाही, त्यांचीही बसल्या जागची रोजी गेली. म्हणजे शेतीला मजूर मिळावा हा हेतू आणि सगळ्या गावाला बिडीबंदी हा उपाय, यांचा मेळच बसत नाही. शेतमजुरालाच तेवढं हंगामात रोखता आलं असतं, किंवा बिडीच्या कामाचे तास ठरवता आले असते. कायदा रद्दबातल ठरला.

माझ्या मते हा खटला घटनेच्या वर्गाबाहेरही सांगितला पाहिजे. मजुराला ‘नाही’ म्हणायची ताकद कुठून येते, हा त्यातला खरा प्रश्न आहे. ती स्वभावातून येत नाही, घरातल्या सुपावरून येते. सूप काढून घेतलं की ‘हो’च म्हणावं लागतं.

हा विचार आला कुठून

मूळ आणखी मागे आहे. इंग्लंडमध्ये १८३४ साली गरिबांच्या मदतीचा कायदा बदलला, तेव्हा तत्त्वच ठरलं: मदत घेणाऱ्याची अवस्था सगळ्यात खालच्या मजुराच्या अवस्थेपेक्षाही वाईट असली पाहिजे, नाहीतर लोक काम सोडून मदतीकडे येतील. हीच शिकवण साहेबांबरोबर इकडे आली.

१८७६ ते ७८ च्या मोठ्या दुष्काळात सर रिचर्ड टेम्पल यांच्यावर दुष्काळी कामांवर देखरेखीची जबाबदारी होती. हे टेम्पल त्याआधी आपल्या मध्य प्रांताचे चीफ कमिशनर राहिलेले. १८७७ च्या सुरुवातीला त्यांनी दुष्काळी कामावरची रोजी कमी करायला लावली: माणसाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे. जास्त दिलं तर गरज नसलेलेही येतील, अशी भीती. मुंबई इलाख्यात तेव्हा हजारो मजुरांनी अशा कामांवरून उठून जाणं पसंत केलं, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू घेतली. उपाशी माणसं काम सोडून जातात याचा अर्थ आळस असा लावायचा, की त्या रोजीत कष्टाइतकंही अन्न मिळत नव्हतं असा लावायचा, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

दर सरकारचा, मोजणी मालकाची

आता परत बिडीकडे, आणि थेट आपल्या घरात. १९४८ सालीच दुसरा एक कायदा आला होता, देशपातळीवर: किमान वेतन कायदा. त्याच्या यादीत पहिल्यापासून तंबाखू आणि बिडीचं काम होतं. म्हणजे एकाच वर्षी एक कायदा म्हणतो बिडी कामगाराला निदान एवढे पैसे द्या, आणि दुसरा म्हणतो हंगामात त्याला बिडीच वळू देऊ नका.

१९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला. १९५८ साली मुंबई सरकारनं विदर्भातल्या बिडी कामासाठी किमान दर जाहीर केले. पण नुसते दर सांगून ते थांबले नाहीत. अधिसूचनेत ‘छाट’बद्दलही कलमं घातली.

छाट म्हणजे काय, ते ज्यांच्या घरी बिडी वळली गेली त्यांना सांगायला नको. कामगार हजार बिड्या घेऊन जातो. मालकाचा किंवा सट्टेदाराचा माणूस त्या बघतो. ही सैल, ही वाकडी, ही बारीक. बाजूला काढलेली ती छाट. छाटीचे पैसे नाहीत.

मी सॉफ्टवेअरवाला, मला सूत्रात बघायची सवय. मजुरी = दर × पास झालेल्या बिड्या. सरकारनं दर दहा टक्क्यांनी वाढवला आणि दुसऱ्या दिवशी हजारातल्या शंभर बिड्या छाटीत जाऊ लागल्या, तर? ११० गुणिले ०.९, म्हणजे ९९. कामगार होता तिथूनही खाली आला, आणि कायदा कुणी मोडला नाही. म्हणूनच सरकारनं छाटीला मर्यादा घातली, आणि छाटीवरून भांडण झालं तर ते कुणी सोडवायचं हेही लिहून ठेवलं.

याविरुद्ध कोर्टात कोण गेलं? गोंदियाची बिडी, बिडीपत्ता आणि तंबाखू व्यापाऱ्यांची संघटना. म्हणजे त्या वेळच्या भंडारा जिल्ह्यातलीच. १९६१ साली सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी लिहिलेला. कोर्टानं म्हटलं की किमान वेतन कायद्याखाली सरकारला वेतन ठरवता येतं, बदलता येतं. पण मालक-कामगारांमधल्या कराराच्या बाकी अटी त्या अधिकारात येत नाहीत. छाटीची कलमं गेली. दर राहिला.

सूत्रातली पहिली संख्या सरकारच्या हातात, दुसरी मालकाच्या हातात. या रचनेत कामाची ‘प्रेरणा’ काय राहणार? नीट वळलेली बिडी पास होईल की नाही हे वळणाऱ्याच्या हातातच नसेल, तर जास्त मेहनतीचं फळ काय? कायदा आणि प्रेरणा यांची चर्चा आपण नेहमी दरावर करतो. गोंदियाचा खटला सांगतो की मोजणीवर करा.

ही फट पुढे १९६६ च्या बिडी आणि सिगार कामगार कायद्यानं बुजवायचा प्रयत्न झाला. त्यात कच्चा माल किती दिला, बिडी का नापास केली, नापास बिडीचे पैसे द्यायचे की नाही, हे वाद सोडवण्याची सोय कायद्यातच आली. घरी बसून वळणाऱ्यांनाही कायद्यानं कामगार मानलं. १९७४ साली सुप्रीम कोर्टानं हा कायदा उचलून धरला.

इथे दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर गोष्ट फारच सोपी होईल. केरळमध्ये १९६८ साली हा कायदा अमलात आणायला घेतला, तर मंगळूरच्या गणेश बिडीनं तिथलं काम बंद केलं. सुमारे १२ हजार कामगार घरी बसले. म्हणजे वेतन कायद्यानं रोजगार जाऊ शकतो, हे खरं आहे. पण कसा गेला ते बघा. कामगारांनी जास्त पैसे मिळतात म्हणून काम सोडलं नव्हतं. मालकाकडे दुसरं राज्य होतं, तो तिकडे गेला. ‘नाही’ म्हणायची ताकद त्याच्याकडे होती. त्यातूनच १९६९ साली कामगारांची केरळ दिनेश बिडी सहकारी संस्था उभी राहिली. आपल्याकडे तसं काही त्या प्रमाणावर झालं नाही.

हमी मिळाली, मग रांग लागली

महाराष्ट्रानं मात्र दुसरी एक गोष्ट केली जी देशात कुणी केली नव्हती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ साली सांगली जिल्ह्यातल्या तासगावला प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळात तो राज्यभर गेला, १९७५ पासून शहरातल्या पगारदारांच्या व्यवसाय करातून त्याला पैसा मिळू लागला, १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. रोजगार हमी. जो काम मागेल त्याला काम.

टेम्पलसाहेबांची भीती यातही होतीच. रोजी फार ठेवली तर शेतातले मजूर येतील, म्हणून ती बेताची ठेवलेली. पण १९८८ साली शेतमजुरांचं किमान वेतन वाढलं आणि त्याबरोबर हमीवरची रोजी जवळपास दुप्पट झाली. आता अंदाज करा. रोजी दुप्पट झाल्यावर हमीच्या कामावर गर्दी वाढायला हवी. झालं उलटं, हजेरी घटली. मार्टिन रॅव्हेलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधुरी या अर्थतज्ज्ञांनी १९९३ साली याचा अभ्यास छापला. त्यांचा निष्कर्ष होता की मागणी कमी झाली नव्हती, कामं मोजून-मापून निघू लागली होती. कागदावर हमी, प्रत्यक्षात रांग.

पुन्हा तेच सूत्र. दर वाढला, दुसरी संख्या कुणीतरी शांतपणे कमी केली. गोंदियाला ती मालकानं केली, इथे सरकारनं.

आपला जिल्हा, आपला काळ

राष्ट्रीय रोजगार हमी फेब्रुवारी २००६ मध्ये देशातल्या पहिल्या २०० जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात भंडारा होता. उन्हाळ्यात मामा तलावातला गाळ काढणं, पांदण रस्ते, ही कामं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. क्लेमां इंबेर आणि जॉन पॅप या अभ्यासकांनी सुरुवातीच्या टप्प्यांतले जिल्हे तपासले. कोरड्या महिन्यांत खासगी मजुरीचा दर सुमारे ४.७ टक्क्यांनी वाढला होता. हमीच्या कामावर न गेलेल्या मजुरालाही फायदा झाला, कारण ‘नाही तर तलावावर जाते’ असं म्हणायची सोय झाली.

मोजणीचं काय? १ जानेवारी २०२३ पासून हजेरी मोबाइल ॲपवर, दिवसातून दोनदा फोटो काढून. खोट्या हजेरीला आळा बसावा हा हेतू, आणि तो प्रश्न खोटा नाही. पण ॲप लिहिणारा म्हणून सांगतो: सर्व्हरपर्यंत फोटो गेला नाही, तर ॲपसाठी तो माणूस कामावर आलाच नाही. दिवसभर माती वाहिलेल्या बाईची हजेरी नेटवर्कवर ठरत असेल, तर ही नव्या जमान्याची छाट झाली. आणि छाटीवरून भांडण झालं तर ते सोडवायचं कुणी, हा १९५८ चा सवाल आजही जागेवर आहे.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं मनरेगाच्या जागी नवा कायदा केला. दिवस १०० वरून १२५ केले. आणि त्यात एक तरतूद आली: पेरणी-कापणीच्या हंगामात वर्षातले एकूण ६० दिवस ही कामं बंद ठेवायची, म्हणजे शेतीला मजूर मिळतील. १९४८ च्या कायद्यात आणि यात फरक नक्कीच आहे. तेव्हा लोकांना स्वतःचा धंदा करायला बंदी होती, आता सरकार स्वतःचं काम थांबवणार आहे. पण हंगाम ठरवून दार बंद करण्याची कल्पना ओळखीची वाटते की नाही?

आता लाडकी बहीण. महिना १५०० रुपये. २०२५-२६ साली महाराष्ट्रात मनरेगाची रोजी ३१२ रुपये होती. म्हणजे ही रक्कम पाच दिवसांच्या रोजीपेक्षाही किंचित कमी. महिन्याचे उरलेले पंचवीस दिवस त्यात निघत नाहीत. हातात रोख दिल्यावर लोक काम सोडतात का, यावर अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली सहा विकसनशील देशांतल्या सात योजनांचे प्रयोग एकत्र तपासले. कामाचे तास किंवा काम करणाऱ्यांचं प्रमाण घटल्याचा ठोस पुरावा त्यांना मिळाला नाही. आपल्याकडे एक बदल मात्र होऊ शकतो, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो: आजारी असताना, पाळीच्या दिवसांत, लेकराला ताप असताना चिखलात उतरायचं की नाही, हे ती बाई ठरवू शकते. आपण त्याला ‘येत नाही’ म्हणतो.

आणि दोन एकरवाला?

चहाटपरीवरचा शेतकरी खोटं बोलत नाही. त्याला रोवण्याला खरंच माणसं मिळत नाहीत, आणि वेळेत रोवणा झाला नाही तर धान हातचं जातं. तो सागरच्या खटल्यातला कारखानदार नाही, त्याची बायकोही कुणाच्या तरी बांधीत जाते. २०२५-२६ ला साधारण धानाचा हमीभाव २३६९ रुपये क्विंटल. खतं, ट्रॅक्टर, औषध जाऊन जे उरतं त्यातून मजुरी वाढवायची कुठून? म्हणजे त्याच्याही सूत्रात दर दुसऱ्याच्या हातात, आणि केंद्रावरचा काटा, ओलावा, कटती तिसऱ्याच्या हातात. बिडीवाल्या बाईची छाट आणि धानवाल्याची कटती या सख्ख्या बहिणी आहेत. भांडण मात्र या दोघांचंच लागतं, कारण ते एकाच टपरीवर भेटतात.

मला इतकंच सांगायचं होतं. ‘मजूर मिळत नाही’ हे वाक्य नेहमी अर्धं असतं. उरलेलं अर्धं असं: ‘या दरात, आणि माझ्या मोजणीनं.’ पुढच्या रोवण्यात कुणी ते म्हणालं, तर वाद घालू नका. दर किती, मोजतो कोण, आणि तिच्याकडे दुसरं काय आहे, एवढे तीन प्रश्न विचारा.

एक विनंती. तुमच्या घरी जुनं बिडी कामगाराचं कार्ड किंवा सट्टेदाराची हिशेबाची वही असेल, किंवा छाटीवरून झालेली भांडणं आठवणारी आजी असेल, तर तिचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. कोर्टाचे निकाल छापलेले आहेत, ते कुठे जात नाहीत. आज्यांचं तसं नाही.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.